सहीमागचे परवाने

भूम तालुक्यातलं ईट हे बालाघाटाच्या रांगांमधलं गाव. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे शेतीला दुधाची जोड. या तालुक्याचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा लांबवर जातो. अशा गावात कागदाला मान असतो. पीककर्जाला सातबारा आणि आठ-अ, विम्याला पुन्हा सातबारा, मुलीच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला, आणि या सगळ्याला आधार. पूर्वी यातल्या निम्म्या कागदांसाठी तलाठी कार्यालयाच्या पायरीवर ताटकळावं लागे. तलाठी फिरतीवर असला की दिवस वाया. १ मे २०१८ला महाराष्ट्र शासनाने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन द्यायला सुरुवात केली आणि हे चित्र बदललं. पंधरा रुपये भरायचे, उतारा उतरवून घ्यायचा. शाईची सही नको, गोल शिक्का नको. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात मात्र तलाठीच म्हणतात.

शाईची सही ओळखायला अनुभवी डोळे पुरायचे. बँकेतला जुना कारकून तलाठ्याची सही लांबून ओळखे. डिजिटल सही डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो सहीचा छापील पुरावा, आणि तसा छाप कुणीही काढू शकतो. खरी सही फाइलच्या पोटात असते. संगणक त्या कागदातल्या प्रत्येक अक्षराचा मिळून एक ठसा काढतो. हल्ली तो बहुधा शा-२५६ या पद्धतीने, २५६ बिटांचा असतो. हा ठसा सही करणाऱ्याच्या खाजगी किल्लीने बांधला जातो आणि ती किल्ली एका यूएसबी टोकनमध्ये कुलूपबंद असते. पडताळणारा माणूस सार्वजनिक किल्लीने ती गाठ सोडवतो, फाइलचा ठसा स्वतः पुन्हा काढतो आणि दोन्ही जुळतात का ते पाहतो. मधल्या काळात गट नंबरातला एक अंक जरी कुणी बदलला असेल, तरी ठसे जुळत नाहीत.

हे गणित प्रत्येक प्रोग्रॅमर स्वतः लिहीत नाही, लिहूही नये. एन्क्रिप्शनचा कोड वरवर बरोबर चालत असताना आतून फुटका असू शकतो, आणि हे कळायला कधी कधी वर्षं जातात. म्हणून जगभर मोजक्या लायब्रऱ्या वापरल्या जातात: ओपनएसएसएल, ग्नूटीएलएस, मोझिलाची एनएसएस, एम्बेड टीएलएस, वुल्फएसएसएल, जावाच्या जगात बाउन्सी कॅसल. यांपैकी बहुतेक फुकट मिळतात आणि सगळ्यांचा सोर्स कोड उघडा आहे. तरीही मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला यातली हवी ती लायब्ररी उचलता येत नाही. आड येतो तो परवाना. गेली पंचवीस वर्षं हा तिढा जगातल्या हुशार माणसांचा वेळ खातो आहे. त्याची झळ ईटच्या सेवा केंद्रातल्या संगणकापर्यंत पोहोचते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

*

शेतकऱ्याला परवान्याची गोष्ट समजावून सांगायची तर सातबाराच हाती घ्यावा. नमुना सातच्या एका बाजूला भोगवटादाराचं नाव आणि क्षेत्र असतं, आणि 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क तिथे चढतात. जमीन कसायला तुम्ही मोकळे असता, पण त्या रकान्यातलं जे काही आहे ते जमिनीबरोबर पुढच्या माणसाकडे जातं. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना म्हणजे कोडचा 'इतर अधिकार' रकाना. कोड वापरा, बदला, वाटा. पण रकान्यात लिहिलेलं पुढच्याला द्यावंच लागेल. दोन वेगवेगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करताना दोन्ही रकाने एकमेकांशी जुळले नाहीत, तर व्यवहार अडतो. ओपनएसएसएल आणि ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा जीपीएल परवाना यांच्यात नेमकं हेच झालं.

मूळ गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे. नेटस्केप कंपनीने १९९४-९५च्या सुमारास वेबवरच्या व्यवहारांसाठी एसएसएल ही पद्धत काढली. अमेरिका तेव्हा एन्क्रिप्शनला युद्धसाहित्यासारखं वागवत होती. कडक सॉफ्टवेअर देशाबाहेर पाठवायला निर्यात परवानगी लागे. ब्रिस्बेनमधल्या एरिक यंग आणि टिम हडसन यांनी १९९५मध्ये एसएसएलची स्वतःची मुक्त आवृत्ती लिहिली आणि तिचं नाव ठेवलं एसएसएलईएवाय. ती अमेरिकेबाहेर लिहिलेली असल्यामुळे तिच्यावर निर्यातबंदीचा हात पडत नव्हता. डिसेंबर १९९८मध्ये दोघे आरएसए या कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेत गेले, तेव्हा इतरांनी तो कोड पुढे चालवायला घेतला. २३ डिसेंबर १९९८ला ओपनएसएसएलची पहिली आवृत्ती आली.

नव्या प्रकल्पाला जुन्या कोडबरोबर जुना रकानाही मिळाला. यंग यांच्या परवान्यात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की या सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत त्यांच्या नावाची ओळ छापायची. दुसरी अट फारच थेट होती. हा कोड उचलून दुसऱ्या परवान्याखाली टाकता येणार नाही, असं लिहून कंसात ग्नूच्या परवान्याचं नावच घातलेलं होतं. ओपनएसएसएलच्या मंडळींनी स्वतःच्या भागासाठी तशीच जाहिरातीची अट ठेवली. म्हणजे एकाच लायब्ररीवर दोन परवाने, आणि दोन्ही पाळायचे.

समोर होता जीपीएल. त्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ची. तिचं म्हणणं सोपं आहे: मी तुला जे स्वातंत्र्य दिलं, ते पुढच्याला जसंच्या तसं दे, त्यावर स्वतःची नवी अट लादू नकोस. जाहिरातीत नाव छापा ही नवी अटच झाली. त्यामुळे जीपीएल कोड आणि ओपनएसएसएल मिळून तयार झालेला प्रोग्रॅम वाटता येत नाही. दोन्ही बाजूंनी लोभ नव्हता, पैसा मागितलेला नव्हता. एकाला श्रेय हवं होतं, दुसऱ्याला स्वातंत्र्याची साखळी अखंड हवी होती. दोघांचाही हेतू चांगला होता, आणि तिढा मात्र सुटत नव्हता.

जाहिरातीची ही अट मुळात बर्कले विद्यापीठाच्या बीएसडी परवान्यातली. ग्नूचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी नेटबीएसडीच्या १९९७च्या एका आवृत्तीत अशा पंच्याहत्तर ओळी मोजल्या होत्या. एका जाहिरातीत पंच्याहत्तर आभार! जुलै १९९९मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपली अट काढून टाकली. ओपनएसएसएलला तसं सहज जमणार नव्हतं, कारण यंग यांच्या कोडवर पुढे शेकडो लोकांनी भर घातली होती. सामाईक गटातल्या प्रत्येक खातेदाराची संमती लागते, तशी इथे प्रत्येक लेखकाची लागणार होती.

*

लोकांनी वाटा काढल्याच. पहिली वाट होती अपवादाच्या वाक्याची. आपल्या प्रोग्रॅमचे सगळे हक्क आपल्याकडेच असतील, तर जीपीएलच्या खाली लिहायचं की 'या प्रोग्रॅमला ओपनएसएसएलशी जोडून वाटायला आमची परवानगी आहे.' डब्ल्यूगेट आणि ओपनव्हीपीएन यांनी असंच केलं. ही वाट स्वच्छ आहे. फक्त तिला एक वेळ असते: प्रकल्पात परका कोड शिरला, वीस-पंचवीस जणांनी भर घातली की मग प्रत्येकाला गाठून संमती घ्यावी लागते. कुणी नोकरी बदललेली असते, कुणाचा पत्ता लागत नाही, कुणी हयात नसतो.

दुसरी वाट वादाची. जीपीएलमध्ये यंत्रणेबरोबर येणाऱ्या मूळ लायब्रऱ्यांसाठी एक सूट आहे, पण ती सूट घेताना अट अशी की ती लायब्ररी तुमच्या प्रोग्रॅमच्या सोबतच वाटली जात नसावी. फेडोरा या लिनक्स वितरणाने ओपनएसएसएलला अशी मूळ लायब्ररी मानलं. डेबियन या दुसऱ्या वितरणाने मानलं नाही: आम्ही दोन्ही एकाच भांडारातून वाटतो, मग सूट कशी लागू होईल? डेबियन आपल्या भूमिकेवर वीसेक वर्षं ठाम राहिली आणि २०२०मध्ये तिनेही ओपनएसएसएलला मूळ लायब्ररी मानायचं ठरवलं. कायदा एक, वाचणारे दोन, आणि मधली दोन दशकं गोंधळाची.

तिसरी वाट म्हणजे दुसरी लायब्ररी लिहिणं. ग्रीसच्या निकोस माव्रोयानोपुलोस यांनी ग्नूटीएलएस उभी केली, एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य भावंडाखाली, म्हणजे जीपीएल प्रोग्रॅमांना ती निर्धास्त वापरता येईल. पण परवान्याचा काच तिलाही सुटला नाही. २०११मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर ग्नूटीएलएस एलजीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीवर गेली आणि ज्यांचा कोड फक्त 'जीपीएल २' होता, त्यांची दारं बंद झाली. २०१३मध्ये तिला पुन्हा २.१वर यावं लागलं. तरीही तिच्या पोटातली मोठ्या आकड्यांची लायब्ररी जीएमपी तिसऱ्या आवृत्तीवरच होती. २०१४मध्ये जीएमपीने दुहेरी परवाना घेतला तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला. मधल्या काळात, डिसेंबर २०१२मध्ये, निकोस यांनी ग्नू प्रकल्पाशीच फारकत घेतली.

या तिसऱ्या वाटेची एक ठेच आपल्याकडच्या मुलांना हमखास लागलेली आहे. लातूर, सोलापूर, पुणे, कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातला मुलगा उबंटूवर गिट वापरायला शिकतो. गिट फक्त जीपीएल २खाली आहे. म्हणून डेबियनने, आणि तिच्यामागून उबंटूने, गिटला ओपनएसएसएलऐवजी ग्नूटीएलएसवर बांधलेल्या कर्ल लायब्ररीशी जोडलं. कर्लची लायब्ररीच डेबियनमध्ये कित्येक वर्षं तीन अवतारांत होती, ओपनएसएसएलची, ग्नूटीएलएसची, एनएसएसची. वसतिगृहाचं नेट अडखळतं, मोठा प्रकल्प उतरवता उतरवता जोडणी तुटते आणि पडद्यावर ग्नूटीएलएसचं नाव घेऊन एक त्रुटी येते. मुलगा शोधाशोध करतो. कुणी तरी सल्ला देतं, गिट सोर्समधून ओपनएसएसएलसह पुन्हा बांध. तो तसं करतो, काम चालतं. आपण एका परवान्याच्या भांडणाला वळसा घालून आलो, हे त्याला कुणी सांगत नाही. शिक्षकांनी तिथे दहा मिनिटं थांबून ते सांगावं, असं मला फार वाटतं. परवाना शिकवायला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही.

*

परवान्यावरून लायब्ररी निवडली की तिच्या चुकाही आपल्या पदरात पडतात. २०१४ हे वर्ष याचं मोठं उदाहरण आहे. मार्चमध्ये ग्नूटीएलएसमध्ये प्रमाणपत्र तपासण्याच्या कोडमधली गंभीर चूक सापडली; खोटं प्रमाणपत्रही खरं ठरू शकत होतं. ज्यांनी परवान्यासाठी ग्नूटीएलएस घेतली होती ते हादरले. महिनाभरात, ७ एप्रिलला, ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड नावाची चूक उघड झाली. गूगलचे नील मेहता आणि कोडनोमिकॉन या फिनलंडच्या कंपनीने ती स्वतंत्रपणे शोधली होती. १.०.१ या आवृत्तीपासून दोन वर्षं ती चूक जगभरच्या सर्व्हरवर बसून होती. समोरच्याने 'माझा अमुक लांबीचा निरोप परत पाठव' म्हटलं की सर्व्हर लांबी न तपासता स्वतःच्या स्मृतीतला मजकूर, त्यात पासवर्ड आणि खाजगी किल्ल्याही, परत पाठवायचा.

त्यानंतर जे कळलं ते जास्त अस्वस्थ करणारं होतं. अर्धं इंटरनेट ज्या लायब्ररीवर उभं होतं, तिला देणगीतून वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर मिळत होते, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या ती फुकट वापरत होत्या. लिनक्स फाउंडेशनने त्याच महिन्यात मोठ्या कंपन्यांकडून निधी गोळा करायला घेतला. ओपनबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीच्या मंडळींनी कोडची वेगळी चूल मांडून लिबरएसएसएल काढली, गूगलने बोरिंगएसएसएल. पैसा आला, माणसं आली आणि परवान्याचा जुना बोजा उतरवायची हिंमतही आली.

ते काम कसं झालं ते पाहण्यासारखं आहे. २०१५मध्ये ओपनएसएसएलने जाहीर केलं की आपण अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीकडे जाणार. मार्च २०१७मध्ये चारशेच्या आसपास लेखकांना पत्रं गेली: तुमचा कोड नव्या परवान्याखाली देता का? उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजू, अशी भाषा त्यात होती. ओपनबीएसडीचे थिओ द राट यांनी त्यावर कडाडून आक्षेप घेतला. मौन म्हणजे संमती नव्हे, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते त्यांचा मुद्दा रास्त होता. गावातल्या सामाईक गटाचा व्यवहार एका भावाच्या गप्प बसण्यावर कुणी करत नाही. ओपनएसएसएलने काही ठिकाणी कोड काढून पुन्हा लिहिला. नव्या परवान्याची ३.० आवृत्ती ७ सप्टेंबर २०२१ला आली, घोषणेनंतर सहा वर्षांनी.

आणि तिढा संपला का? अर्धाच. अपाची २ आणि जीपीएल ३ यांचं जमतं. अपाची २ आणि नुसता 'जीपीएल २' यांचं जमत नाही, कारण अपाचीमधल्या पेटंटच्या कलमांना जीपीएलची दुसरी आवृत्ती नवी अट मानते. ओपनव्हीपीएनला म्हणूनच जुन्या अपवादाच्या जागी नवा अपवाद लिहावा लागला आणि त्यासाठी जुन्या सहकाऱ्यांच्या संमत्या पुन्हा गोळा कराव्या लागल्या.

*

आता ईटच्या सेवा केंद्रातल्या संगणकाकडे परत येऊ. समजा तो संगणक लिनक्सवर चालतो. विंडोजचा परवाना विकत न घेता काम करायचं असेल, तर तेच परवडतं. गिऱ्हाईक आधारची ई-प्रत घेऊन येतं. फाइल पासवर्डने बंद असते. नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष टाकलं की उघडते. ती ओक्युलर किंवा एव्हिन्ससारख्या वाचकात उघडते, आणि हे दोन्ही वाचक पॉपलर नावाच्या लायब्ररीवर चालतात. पॉपलर २००५मध्ये एक्सपीडीएफ या जुन्या प्रोग्रॅमपासून फुटून निघाली. एक्सपीडीएफ जीपीएलखाली, म्हणून पॉपलरही जीपीएल, आणि तिच्यात अनेकांच्या हातचा कोड. जुन्या परवान्याच्या ओपनएसएसएलशी तिला जोडून वाटायचं तर या सगळ्यांची संमती हवी. म्हणजे तो दरवाजा बंदच होता.

पॉपलरमध्ये सही तपासण्याचं काम करते एनएसएस. ही लायब्ररी नेटस्केपच्या घरातली, पुढे मोझिलाकडे आलेली. तिचा परवाना आधी तिहेरी होता, मोझिलाचा, जीपीएलचा किंवा एलजीपीएलचा, हवा तो घ्या. आता तो मोझिला परवान्याची दुसरी आवृत्ती आहे; २०१२मध्ये आलेल्या या आवृत्तीत जीपीएलशी जुळवून घेणारं कलम मुद्दाम घातलेलं आहे. लिनक्सवर लिबरऑफिसही दस्तऐवजाच्या सहीसाठी एनएसएसच वापरतं. म्हणजे आपल्या कागदाची सही मुक्त साधनांनी तपासता येते, यामागे परवाना विचारपूर्वक लिहिणाऱ्या काही माणसांचं श्रेय आहे.

पॉपलरबरोबर पीडीएफसिग नावाचं एक छोटं साधन येतं. टर्मिनलमध्ये त्याला सही असलेली फाइल दिली की ते ओळीओळीने सांगतं: सही कुणाची, कधीची, ठसा कोणत्या पद्धतीचा, संपूर्ण कागदावर सही आहे की काही भागावर. मग दोन निकाल येतात आणि ते वेगवेगळे वाचायला हवेत. पहिला निकाल सहीचा: वैध. म्हणजे फाइलमध्ये सहीनंतर फेरफार झालेला नाही. दुसरा निकाल प्रमाणपत्राचा, आणि भारतीय कागदांच्या बाबतीत तो बहुधा असा येतो: प्रमाणपत्र देणारा ओळखीचा नाही. ॲडोबच्या वाचकातही आधारच्या प्रतीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं ते याच कारणाने. लोक घाबरतात, किंवा त्याहून वाईट, प्रश्नचिन्हाकडे दुर्लक्ष करायला शिकतात.

भारतात या विश्वासाची साखळी माहिती तंत्रज्ञान कायदा २०००ने बांधलेली आहे. कायदा १७ ऑक्टोबर २०००ला लागू झाला. सगळ्यांच्या वर प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक, त्यांच्या मूळ प्रमाणपत्राखाली परवानाधारक प्राधिकरणं, आणि त्यांच्याखाली तुमची-आमची प्रमाणपत्रं. 'सीसीए इंडिया २०१४', 'सीसीए इंडिया २०२२' अशी या मूळ प्रमाणपत्रांची नावं आहेत. फायरफॉक्स आणि एनएसएस ज्या यादीवर विश्वास ठेवतात, त्या मोझिलाच्या यादीत हे मूळ नाही. म्हणून लिनक्सवर आपली सही खरी असूनही अनोळखी ठरते.

याच्या जोडीला एक कडू प्रसंगही आहे. जुलै २०१४च्या सुरुवातीला गूगलला दिसलं की राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्राधिकरणाकडून गूगलच्या काही नावांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली आहेत. नियंत्रकांनी एनआयसीची मधली प्रमाणपत्रं तातडीने रद्द केली. विंडोज तेव्हा भारताचं मूळ मानत होती, त्यामुळे तिच्यावर धोका होता. फायरफॉक्स मानत नव्हता, म्हणून तो सुटला. गूगलने पुढे क्रोममध्ये भारतीय मुळाचा अधिकार सरकारी आणि अशाच मोजक्या नावांपुरता आवळला. विश्वास एकदा गेला की तो परत मिळवायला तपासणी, पारदर्शक नोंदी आणि चिकाटी लागते. ते काम आपल्या बाजूने नेटाने व्हायला हवं.

तोवर उपाय साधा आहे. नियंत्रकांच्या संकेतस्थळावरून मूळ प्रमाणपत्र उतरवायचं, त्याचा ठसा ताडून पाहायचा आणि फायरफॉक्सच्या किंवा ओक्युलरच्या प्रमाणपत्र भांडारात घालायचं. एकदा घातलं की अनोळखी म्हणणारी ओळ विश्वासाची होते. एक जपायला हवं: ते ब्राउझरमध्ये घालताना वेबसाइटसाठी विश्वास ठेवण्याची खूण करू नये. कागदाच्या सहीपुरता विश्वास वेगळा ठेवता येतो, आणि २०१४चा प्रसंग आठवला तर तसाच ठेवावा.

सातबाऱ्यावर यासाठी आणखी एक सोय आहे, छापलेला पडताळणी क्रमांक. बँकेचा माणूस तो महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून मूळ उतारा पाहू शकतो. सोय चांगली आहे. पण ती संकेतस्थळ चालू असेपर्यंतच. पेरणीच्या तोंडावर सगळा महाराष्ट्र एकाच वेळी उतारे काढत असतो, तेव्हा सर्व्हर किती दमतो हे सेवा केंद्र चालवणाऱ्या कुणालाही विचारा. फाइलच्या पोटात असलेली सही तपासायला सर्व्हर लागत नाही, नेटही लागत नाही. म्हणून ती तपासण्याची साधनं गावात, मुक्त आणि परवान्याने निर्धोक असणं गरजेचं आहे.

*

केंद्र सरकारने २०१५मध्ये सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण जाहीर केलं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने आधारवर आधारित ई-हस्ताक्षर ही सहीची सेवा दिली. पाया घातलेला आहे. पण सही करणाऱ्याच्या हातातल्या टोकनचे ड्रायव्हर बहुतेक बंदिस्त असतात. विंडोजसाठी आधी, लिनक्ससाठी जमलं तर. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांच्या सह्यांवर आज ग्रामपंचायतीचं पेमेंट चालतं, तेव्हा ही बाब किरकोळ नाही.

दुसरी अडचण जावाच्या जगात लपलेली आहे. पीडीएफवर सही करायला आयटेक्स्ट ही लायब्ररी वर्षानुवर्षं लोकप्रिय आहे. आधी ती एलजीपीएल आणि मोझिला परवान्याखाली होती. २००९च्या शेवटी पाचव्या आवृत्तीबरोबर ती एजीपीएलवर गेली. एजीपीएल म्हणतो की नेटवर सेवा देत असाल तर तिचा बदललेला कोडही वापरणाऱ्याला द्या. नाही तर कंपनीकडून व्यावसायिक परवाना विकत घ्या. तिच्यासोबत वापरली जाणारी बाउन्सी कॅसल मात्र अगदी मोकळ्या, एमआयटीसारख्या परवान्याखाली आहे. कितीतरी तरुण इंटरनेटवरचा नमुना कोड उचलतात, त्यात दोन्ही असतात, आणि बंदिस्त सॉफ्टवेअर म्हणून गिऱ्हाइकाला विकतात. उद्या कुणी हिशेब मागितला तर त्यांच्याकडे उत्तर नसतं. जुन्या आयटेक्स्टपासून निघालेली ओपनपीडीएफ ही एलजीपीएल-मोझिला परवान्याची लायब्ररी यासाठी चांगला पर्याय आहे.

भूम तालुक्यात दूध संकलन केंद्रं आहेत, पतसंस्था आहेत, बचत गट आहेत. त्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर उद्या याच जिल्ह्यातली मुलं लिहिणार आहेत, आणि ते मुक्त असावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. मुंबईत आकाराला आलेलं ग्नूखाता हे हिशेबाचं सॉफ्टवेअर एजीपीएल ३खाली आहे; तशा परवान्याला आजची ओपनएसएसएल चालते, जुनी चालली नसती. नवीन प्रकल्पाला 'जीपीएल ३ किंवा पुढची' घेतली तर ओपनएसएसएल, ग्नूटीएलएस, एनएसएस, तिन्ही वापरता येतात. फक्त 'जीपीएल २' धरून बसायचं असेल तर ग्नूटीएलएस किंवा एनएसएस घ्या, नाही तर अपवाद लिहा. छोट्या यंत्रांसाठी, म्हणजे दुधाचं फॅट मोजणाऱ्या उपकरणात बसणाऱ्या चिपसाठी, एम्बेड टीएलएस सोयीची. ती आता अपाची किंवा जीपीएल, जो हवा त्या परवान्याने मिळते.

तुळजापूर, धाराशिव, बार्शी, लातूर इथे शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांना माझं सांगणं आहे. प्रकल्पाची पहिली फाइल लिहिण्याआधी आपण ज्या लायब्रऱ्या घेणार त्यांचे परवाने उघडून वाचा. तासाभराचं काम आहे. अपवादाचं वाक्य लागणार असेल तर ते आजच, कोडचे एकमेव मालक तुम्ही असतानाच लिहा. आणि महसूल विभागाला विनंती आहे की डिजिटल सातबारा जिथून उतरवला जातो, त्याच पानावर मूळ प्रमाणपत्र, त्याचा ठसा आणि ते लिनक्सवर बसवायची मराठीतली कृती ठेवावी. दोन पानांचा मजकूर पुरेल.